सौदीचा २२० व्होल्ट ६० हर्ट्झचा अ‍ॅम्प इथे तापतोय, ट्रान्सफॉर्मर खराब की आपली लाईन?

कुळागर_फोंडा
नमस्कार मंडळी. जरा लांबडं लिहितोय, वाचून घ्या. माझे धाकटे काका बरीच वर्षं सौदीला दम्मामला होते, परत येताना घरभर सामान आणलं, त्यात एक पॉवर अ‍ॅम्प्लिफायर होता, दोन हातांनी उचलावा लागतो असा जड. इथे आल्यावर दोनेकदा लावला असेल, मग माळ्यावर गेला तो गेलाच. आता चवथ तीन आठवड्यांवर आलीय आणि वाड्यावरच्या पोरांनी ठरवलंय की यंदा आरतीला भाड्याचा सेट आणायचा नाही, काकांचाच काढायचा. काढला, धूळ झाडली, मागचं लेबल बघितलं तर "एसी २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ३०० वॅट". व्होल्टेज बदलायचा स्विच वगैरे काही नाही.

म्हटलं २२० न् २३० मध्ये दहा व्होल्टचा फरक, त्यात काय एवढं, लावला. चालू झाला, आवाज मस्त. पण आतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, स्पीकरमधून नाही हां, पेटीतूनच, वर हात ठेवला तर झिणझिण लागते. गाणं न लावता नुसता चालू ठेवला तरी पंचवीस मिनिटांत झाकणावर हात टेकवत नाही आणि वार्निशचा वास सुटला. लगेच बंद केला. रात्री दहाच्या पुढे परत लावून बघितला तर गुणगुण आणखी वाढलेली.

फोंड्यात एकाला दाखवला, त्याने सिरीज बल्बवर (लाईनीच्या वाटेत बल्ब घालून) लावला, बल्ब पिवळट पेटून राहिला, तो म्हणाला ट्रान्सफॉर्मर आतून शॉर्ट आहे, नवीन टाकायला लागणार, जुना मी किलोवर घेतो. दुसरा म्हणतो काही नाही रे, स्टॅबिलायझर लाव, बरोबर २२० दे, गप्प बसेल. कोणाचं ऐकू? आणि त्या ६० हर्ट्झचा खरंच काही संबंध असतो का, की ते नुसतं छापायचं म्हणून छापतात?

पणजी_वारा
हर्ट्झने काही होत नसतं मरे. माझा लॅपटॉपचा चार्जर अमेरिकेत, दुबईत, इथे सगळीकडे चालतो. आणि गोव्यात लाईटीचं काही खरं आहे का, ५० म्हणतात पण असतं कुठे ५०? स्टॅबिलायझर लाव आणि मोकळा हो.

जुना_मास्तर
पणजीवाल्या, चार्जरवर काय लिहिलंय ते वाच आधी. "१०० ते २४०, ५०/६०" असं असणार. त्यात लाईन आधी डीसी होते आणि मग आतलं सर्किट स्वतःची हजारो हर्ट्झची फ्रिक्वेन्सी बनवतं, त्याचा चिमुकला ट्रान्सफॉर्मर त्यावर चालतो, त्याला आपल्या लाईनीचे ५० की ६० याचं सोयरसुतक नाही. इथे प्रश्न लोखंडी पट्ट्यांच्या जड ट्रान्सफॉर्मरचा आहे जो सरळ लाईनीवर बसलाय.

आणि व्होल्टेजबद्दल काय हव्या त्या शिव्या घाल, मी पण घालतो, पण फ्रिक्वेन्सी गोव्याची वेगळी अशी नसते. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचा ग्रिड बाकीच्या देशाला जोडला, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळीकडे एकच फ्रिक्वेन्सी, ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचं बघतात. पावसात तुमच्या वाड्यावरचा डीपी उडाला तरी ५० हे ५० च.

आता कुळागर, तुझा प्रश्न. मी आयटीआयला पोरांना हे कळशीवर शिकवायचो. नळाची धार म्हणजे व्होल्टेज, कळशी म्हणजे कोर, तो पट्ट्यांचा लोखंडी गाभा, आत जमणारं पाणी म्हणजे फ्लक्स, त्यातलं चुंबकत्व. प्रत्येक अर्ध्या सायकलीत धार एका बाजूने भरते, पुढच्या अर्ध्यात ते सगळं उपसून उलट्या बाजूने भरते. ६० हर्ट्झला अर्धी सायकल ८.३ मिलिसेकंदांची, ५० ला १० मिलिसेकंदांची. धार तेवढीच ठेवलीस आणि वेळ वाढवलास तर कळशीत पाणी जास्त येणार की नाही? बनवणाऱ्याने कळशी ८.३ च्या हिशोबाने घेतलीय, कारण लोखंड आणि तांबं दोन्हीला पैसे पडतात, मोठी कशाला देईल तो. म्हणून नुसतं २२० आणि २३० ताडून बघू नकोस, व्होल्ट भागिले हर्ट्झ कर. लेबलावर २२० भागिले ६०, म्हणजे ३.६७. आपल्याकडे २३० भागिले ५०, म्हणजे ४.६. सव्वापट! तू ज्याला दहा व्होल्टचा फरक समजतोयस तो कोरसाठी २५ टक्क्यांचा फरक आहे, त्यातले २० टक्के एकट्या फ्रिक्वेन्सीचे.

घरगुती सामानातले असले ई-आय पट्ट्यांचे ट्रान्सफॉर्मर साधारण १.३ ते १.४ टेस्लावर (टेस्ला हे कोरमधलं चुंबकत्व मोजायचं माप) चालतील असे बनवतात. १.४ ची सव्वापट केली की १.७५. सिलिकॉन स्टील दोन टेस्लाच्या आसपास पुरतं सॅच्युरेट होतं (कळशी काठोकाठ भरते) पण त्याच्या बरंच आधी ते कुरकुरायला लागतं, म्हणजे थोडा फ्लक्स वाढवायला भरमसाट करंट ओढतं. तोच करंट प्रायमरीत (लाईनीला जोडलेल्या वाइंडिंगमध्ये) फिरतो, तांबं तापतं, लोखंडाचा लॉस वाढतो ते वेगळंच, आणि पट्ट्या थरथरतात ती तुझी झिणझिण. रात्री गुणगुण का वाढली? रात्री लोड उतरतो, लाईन चढते. एकदा मीटर लावून बघ, २५० असेल तर भागाकार ५ येतो, म्हणजे ३६ टक्के जास्त.

स्टॅबिलायझरवाल्याचं अर्धं बरोबर आहे. तो व्होल्ट बदलेल, हर्ट्झ नाही. २२० भागिले ५०, ४.४, तरी २० टक्के जास्तच. तुला हवेत २२० गुणिले ५० भागिले ६०, म्हणजे १८३ व्होल्ट. १८३ वर तो ट्रान्सफॉर्मर दम्मामला होता तसाच शांत बसेल.

पहिला जो शॉर्ट म्हणाला त्याच्यावर मी लगेच विश्वास ठेवणार नाही. शॉर्ट झालेला ट्रान्सफॉर्मर आणि सॅच्युरेट झालेला ट्रान्सफॉर्मर सिरीज बल्बवर सारखेच दिसू शकतात. फरक कळतो डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्ट शून्यापासून चढवता येतात त्या यंत्रावर. सेकंडरीच्या (आतल्या सर्किटला वीज देणाऱ्या वाइंडिंगच्या) सगळ्या वायरी सोडव, टोकांना टेप लाव, आणि शून्यापासून हळूहळू वर चढव, करंट लिहीत जा. टर्न (तारेचे वेढे) शॉर्ट असतील तर ४०-५० व्होल्टलाच करंट बोंबलेल. सॅच्युरेशन असेल तर खाली गरीब गाय आणि वर एका ठिकाणापासून एकदम उसळेल. आकडे इथे टाक.

आणि हो, इतकी वर्षं माळ्यावर होता, आपली हवा दमट, आधी मेगर लावून प्रायमरी ते बॉडी इन्सुलेशन बघून घे. खराब दिसलं तर दोन दिवस मोठ्या खोक्यात पेटत्या बल्बाशेजारी ठेव आणि परत बघ.

पणजी_वारा
बरं बाबा, चुकलो. पण कळशी भरली की उतू जाते, इथे उतू जाऊन काय होतं ते नाही कळलं.

जुना_मास्तर
इथे उतू म्हणजे करंट. कोर भरत असतो तोवर वाइंडिंग लाईनीला उलटं दाबून धरतं, त्याच्या जिवावर प्रायमरी फ्यूज न उडवता लाईनीवर बसून असते. कोर भरला की ते दाबणं संपतं आणि उरतो नुसत्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स, तीन-चार ओहम. त्या क्षणापुरती ती तार लाईनीवर टाकल्यासारखीच. प्रत्येक सायकलीत दोनदा, दर अर्ध्या सायकलीच्या शेवटी.

कुळागर_फोंडा
मास्तर, लाख धन्यवाद. कळशीमुळे काकांना पण कळलं, ते म्हणाले "म्हणजे तिथे चालत होता आणि इथे तापतो हे मी सांगत होतो ते खरं होतं तर".

चुलतभावाच्या मित्राचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तिथे मेगर आणि डिमरस्टॅट दोन्ही मिळाले. इन्सुलेशन चांगलं निघालं. सेकंडरी सोडवून हे आकडे आले: ५० व्होल्टला काटा हलला न हलला, १२० ला ७० मिलीअँपिअर, १६० ला ११०, १८३ ला १६०, २०० ला २७०, २१५ ला ५२०, आणि २३० ला १.०५ अँपिअर. म्हणजे २१५ ते २३०, पंधरा व्होल्टात करंट दुप्पट! तिथेच गुणगुण पण सुरू झाली, १८३ ला कान लावला तरी ऐकू येत नव्हतं. २३० च्या वर नेलाच नाही, दुकानवाला म्हणाला पुरे. घरी लाईन मोजली, संध्याकाळी २३२ आणि रात्री साडेअकराला २४९.

जुना_मास्तर
शॉर्ट नाही. पोरा, हा आलेख पुस्तकात छापण्यासारखा आहे. आणि त्या दुकानातलं मीटर साधं असेल तर २३० चा खरा करंट आणखी जास्त असणार, कारण सॅच्युरेशनमध्ये करंट टोकदार सुळक्यासारखा येतो आणि साधी मीटरं सरळ साइनवेव्ह धरून हिशोब करतात, ट्रू आरएमएस (करंटचा खरा आकार धरून मोजणारं) मीटर लागतं. ट्रान्सफॉर्मर धडधाकट आहे, किलोवर देऊ नकोस.

तांब्याचीतार_म्हापसा
मी वाइंडिंगच करतो, २० वर्षं. सौदीचं सामान माझ्याकडे नेहमी येतं. दुबई, कुवेत, ओमान, कतार, बहरीनवाल्यांना हा त्रास नाही, ते सगळे ५० वर आहेत, आखातात एकटी सौदी ६० वर. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणतं "शेजाऱ्याने पण गल्फमधून आणलाय, त्याचा चालतो", आता त्याला काय सांगणार.

दोन रस्ते आहेत. एक, प्रायमरी परत भरणं. सव्वापट टर्न लागतात. पण बॉबिनमध्ये (तार गुंडाळायच्या साच्यात) जागा तेवढीच, सव्वापट तार बसवायची तर बारीक गेज घ्यावं लागतं, मग ताकद कमी होते, आणि प्रायमरी बहुतेक वेळा खाली असते, म्हणजे सेकंडरी पण उसवून परत भरा. पट्ट्या वार्निशमध्ये चिकटलेल्या असतात त्या काढताना वाकल्या की जन्मभराची गुणगुण. चांगला चालू ट्रान्सफॉर्मर मी तरी फोडत नाही, गिऱ्हाईकाने हट्ट केला तरच.

दुसरा रस्ता स्वस्त आणि आपल्या हातचा. बाजारात २४-०-२४ चा साधा ट्रान्सफॉर्मर मिळतो, ३ अँपिअरचा घे, तुझा अ‍ॅम्प १८३ वर पुरा ३०० वॅट खेचला तरी पावणेदोन अँपिअरच्या आत राहतो. दोन्ही टोकं घ्यायची म्हणजे ४८ व्होल्ट, मधली वायर टेप लावून बंद. त्याची प्रायमरी सरळ फेज-न्यूट्रलला, आणि अ‍ॅम्पला जाणारा फेज ह्या ४८ व्होल्टच्या वाइंडिंगमधून उलट्या दिशेने न्यायचा. २३० उणे ४८, झाले १८२. फक्त एक काळजी, टोकं उलटी लागली तर वजाबाकीची बेरीज होते, २७८ येतील आणि मग चवथीला आरती तोंडानेच. म्हणून अ‍ॅम्प जोडायच्या आधी त्याच्या जागी एक बल्ब लाव आणि मीटरने बघ. १८० च्या आसपास आलं तर बरोबर, २८० दिसलं तर टोकं बदल. ३ अँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज, बंद पेटी, लोखंडाला अर्थ. सेकंडरी आहे म्हणून २४ व्होल्टचीच तर आहे असं समजून हात लावू नको कोणी, ती आता लाईनीवर बसलीय, २३० चा झटका देणार.

आणि अ‍ॅम्पमधला फ्यूज कोणी मोठा घातलेला नाही ना ते बघ. तसंच काही ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत आत एक थर्मल फ्यूज दडवलेला असतो, तो उडाला की लोक वायर मारून देतात. आग लागायची सगळ्यात सोपी पद्धत.

कुळागर_फोंडा
पण १८३ वर चालवला तर आवाज कमी होणार ना? सेकंडरी ३५-०-३५ आहे असं आत लिहिलंय.

तांब्याचीतार_म्हापसा
३५ चे २९ होणार. पॉवर वर्गाने पडते म्हणून साधारण ७० टक्के उरते. कानाला दीड डीबीचा फरक, घुमट वाजायला लागलं की कोणाला कळणार पण नाही. उलट आत्ता जे २४९ वर चालत होतं त्यात ३५ चे जवळजवळ ४० होत होते, डीसीला ५६, आतले कपॅसिटर ६३ चे असतील तर ठीक, ५० चे असतील तर ते फुगायला आलेले असणार. झाकण उघडशील तेव्हा त्यांचं डोकं सपाट आहे का बघ. व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प असता तर मी हा उपाय सांगितला नसता, ६.३ चा हीटर सव्वापाचावर येतो आणि व्हॉल्व्ह नीट तापत नाहीत. तुझा ट्रान्झिस्टरचा आहे, त्याला चालतं.

तारवटी_वास्को
हा विषय म्हणजे आमची रोजची भाकरी. मी तारवावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता घरी. बहुतेक जहाजांवर ४४० व्होल्ट ६० हर्ट्झ, आणि ड्राय डॉकला लागलं की जनरेटर बंद करून किनाऱ्याची लाईन घ्यायची, आपल्याकडे ती ४१५ व्होल्ट ५० हर्ट्झ. नवीन पोरगा म्हणणार व्होल्टेज तर कमीच आहे, उत्तम. पण मास्तरांचा भागाकार करा, ४४० भागिले ६० म्हणजे ७.३३, आणि ४१५ भागिले ५० म्हणजे ८.३. व्होल्ट कमी, फ्लक्स १३ टक्के जास्त! बरोबरी यायला ३६६ व्होल्ट लागले असते. ३८० मिळत असेल तर आम्ही ते मागून घ्यायचो. नाहीतर लायटिंगच्या ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून ठेवून दिवस काढायचे, गरज नसलेला लोड काढायचा. पंपांच्या मोटर तर १७ टक्के हळू फिरायच्या, एसीवाला खलाशी येऊन सांगायचा गॅस कमी झालाय, गॅस कसला कमी, कॉम्प्रेसरच दमलेला.

माझी स्वतःची फजिती ट्रान्सफॉर्मरची नाही, रेकॉर्ड प्लेयरची. ६० हर्ट्झचा, सिंक्रोनस मोटरवाला, हौसेने घरी आणला, व्होल्टेजसाठी स्टेपडाउन घेतला, सगळं शहाण्यासारखं केलं आणि रेकॉर्ड लावली तर गाणारा झोपेतून उठून गातोय असं. ३३ च्या जागी पावणेअठ्ठावीस फेरे. आमची म्हातारी म्हणाली बरं आहे की, शब्द तरी कळतात. असल्या मोटरचं घड्याळ असेल तर तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

एक गोष्ट आणखी, जपानचं सामान. जपानात अर्धा देश ५० वर आणि अर्धा ६० वर, टोकियोने सुरुवातीला जर्मन मशिनरी घेतली, ओसाकाने अमेरिकन, ते भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणून तिथे विकायचा अ‍ॅम्प दोन्हीवर चालेल असाच बनवावा लागतो, लेबलावर "१०० व्होल्ट ५०/६०". तो इथे आणला तर फ्रिक्वेन्सीची काळजी नाही, फक्त स्टेपडाउन १०० चा घ्या, दुकानदार ११० चा गळ्यात मारतात. आणि गंमत बघा, अमेरिकेचा १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा असेल तर त्याला पण इथे १०० चाच बरोबर बसतो, १२० भागिले ६० दोन, १०० भागिले ५० पण दोनच. ११० चा दिला तर दहा टक्के जास्त, बहुतेक वेळा खपून जातं.

सुराची_पेटी_डिचोली
मधेच घुसते, माफ करा. उलटा प्रश्न आहे. बहीण टोरोंटोला असते, तिला आपल्याकडचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा पाठवायचा आहे, आत छोटा ट्रान्सफॉर्मर आहे, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. तिकडे १२० आणि ६०. जळेल का?

जुना_मास्तर
ताई, उलट्या बाजूला घाबरण्यासारखं काही नाही. ५० ची कळशी मोठी असते, ६० वर ती कमीच भरते. तिकडे १२० चे २३० करणारा छोटा स्टेपअप घ्यायला सांगा, बास. नुसताच १२० ला लावला तरी जळणार नाही, अर्धं व्होल्टेज मिळून मुका बसेल इतकंच. सूर आतलं सर्किट ठरवतं, लाईन नाही, त्यामुळे काळी एक काळी एकच राहील. बहीण पोर्तुगालला असती तर तेवढं पण नको होतं, तिथे आपल्यासारखंच २३० आणि ५०, फक्त पिन बदलायची.

पणजी_वारा
मग ६० हर्ट्झचा मायक्रोवेव्ह? आमच्या मामांकडे पण सौदीचा एक आहे, त्याला पण हे ४८ व्होल्टवालं लावू का?

तांब्याचीतार_म्हापसा
अजिबात नको. त्याचा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम सॅच्युरेशनच्या काठावर ठेवलेला असतो आणि कपॅसिटरबरोबर सूर जुळवून चालतो, ५० वर तो हिशोबच मोडतो. व्होल्टेज कमी केलं तर मॅग्नेट्रॉन (लहरी काढणारा भाग) नीट चालत नाही, नाही केलं तर ट्रान्सफॉर्मर भाजतो. आणि आत दोन हजार व्होल्टच्या वरचा कपॅसिटर, प्लग काढल्यावर पण भरलेला राहू शकतो, माणूस मारतो. तो मामांना सांग, भांडी ठेवायला कपाट म्हणून चांगला आहे.

जुने कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर असायचे कॉम्प्युटरबरोबर, त्यांची पण तीच जात, एकाच फ्रिक्वेन्सीला बांधलेले.

तारवटी_वास्को
ज्याला खरंच ६० हर्ट्झच लागतात, म्हणजे दवाखान्याची नाहीतर लॅबची महागडी मशीन, त्याने ऑनलाइन यूपीएस बघावा, बऱ्याच डबल कन्व्हर्जनवाल्यांत आउटपुट ६० वर पक्कं करता येतं, मात्र त्या मोडमध्ये पूर्ण लोड देत नाहीत, क्षमता जरा मोठी घ्यायची. मोटरचा व्हीएफडी (तिचा वेग बदलायचा ड्राइव्ह) ट्रान्सफॉर्मरला लावू नका, त्याचं आउटपुट तुकड्यातुकड्यांच्या पल्सचं असतं. आणि जत्रेचा जनरेटर १५०० वरून १८०० आरपीएमला नेऊन ६० हर्ट्झ काढायचे असं कोणी सुचवायच्या आधीच सांगतो, त्यावर बाकीचं डेकोरेशन पण जोडलेलं असतं हो.

कुळागर_फोंडा
मंडळी, अपडेट. उशीर झाला, मधे दोन दिवस लाईटच नव्हती, आमच्या वळणावर फणसाची फांदी तारांवर पडली.

म्हापसावाल्या दादांनी सांगितलं तसं २४-०-२४ तीन अँपिअरचा आणला. पहिल्यांदा बल्ब लावून बघितला आणि मीटरवर आलं २८३. हात थरथरला खरं सांगतो, बल्ब असा पांढरा पेटला. बंद केलं, टोकं बदलली, मग १८०. तेव्हा लाईन २३२ होती, म्हणजे ४८ च्या जागी तो ५१-५२ काढत होता, बिनलोडचा थोडा जास्तच देतो म्हणे. अ‍ॅम्प लावला. गुणगुण गायब. दोन तास भजनं लावून ठेवली, झाकण कोमट, मांजर जाऊन बसली वर. रात्री लाईन २४९ असताना आउटपुट १९४, थोडीशी गुणगुण, कान लावला तरच. कपॅसिटरची डोकी सपाट आहेत, ६३ चेच निघाले.

एकच राहिलंय, स्पीकरमधून बारीक हम्म येतो, आवाज शून्यावर ठेवला तरी. हा पण ५० हर्ट्झचा प्रताप का?

जुना_मास्तर
१९४ भागिले ५० म्हणजे ३.८८, सहा टक्के जास्त, झोप निवांत. हम्मचं म्हणशील तर थोडासा संबंध आहे, ६० हर्ट्झला कपॅसिटर सेकंदाला १२० वेळा भरतात, इथे १०० वेळा, दोन भरण्यांच्या मधे ते जास्त रिकामे होतात, रिपल (डीसीतला चढउतार) पाचव्या हिश्श्याने वाढतो. पण शून्य आवाजावर ऐकू येत असेल तर ते कपॅसिटर म्हातारे झालेत असं मी म्हणेन. चवथ होऊ दे, मग दोन्ही बदलून टाक, एक एक करून नको.

कुळागर_फोंडा
करतो मास्तर. काका आता जोरात आलेत, माळ्यावरून सौदीचा मिक्सर पण खाली काढलाय, विचारतायत की त्याला पण असंच १८३ व्होल्टचं काही करायचं का.

जुना_मास्तर
मिक्सरला कोर-बिर हे गणित लागत नाही, त्यात ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते, तिला ५० काय, ६० काय, डीसी पण चालतं. फक्त व्होल्ट बघ लेबलावरचे. सौदीत घरात १२७ आणि २२० दोन्ही असायचे, १२७ ला वर्गमूळ तीनने गुणलं की २२०, दोन फेजमधलं. मिक्सरवर २२० असेल तर खुशाल लाव. १२७ असेल तर आपल्या लाईनीला लावायचा नाही.

कुळागर_फोंडा
१२७ च लिहिलंय. आणि आई म्हणते तिने पावसाच्या सुरुवातीला त्याच्यात खोबऱ्याचं वाटण लावलं होतं, एकदा जोरात ओरडला, फट् झालं आणि घरची मेन पडली. आम्ही सगळ्यांनी मिळून वीज खात्याला शिव्या घातल्या होत्या.